व्हेलिनिऑन ३५०० आणि व्हीएक्सएल-३एस: ११.१ व्होल्ट म्हणजे नेमके किती?

ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅश, रस्लर, स्टॅम्पीड, हॉस या रिमोटवर चालणाऱ्या ट्रकांच्या ‘व्हीएक्सएल’ आवृत्तीत वर्षानुवर्षं एकच जोडी येत आली आहे: व्हेलिनिऑन ३५०० ही सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर आणि व्हीएक्सएल-३एस हा स्पीड कंट्रोल, म्हणजे ईएससी. या जोडीच्या वेगाचे व्हिडिओ पोत्यानं सापडतात. इथे फक्त व्होल्टेजचा हिशेब बघायचा आहे, कारण ही जोडी बिघडते तेव्हा बहुतेक वेळा गोंधळ तिथेच झालेला असतो. निकाल आधीच सांगून टाकतो. ३एस लिपोवर, म्हणजे तीन सेलच्या लिथियम-पॉलिमर बॅटरी पॅकवर, ही जोडी बिनधास्त वापरावी. २एसवर ती जवळजवळ कंटाळवाणी वाटावी इतकी निवांत चालते. ४एस तिला लावूच नये, आणि ‘पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) लहान करून लावू’ हा उपाय चालत नाही. तो का चालत नाही, हे पुढे येतंच.

सुरुवात स्टिकरवरच्या आकड्यापासून. ट्रॅक्ससनं या ईएससीची कमाल मर्यादा ३एस लिपो, ११.१ व्होल्ट अशी दिली आहे. नवीन मालक पॅक पूर्ण चार्ज करतो, मल्टिमीटर लावतो, १२.६ बघतो आणि घाबरतो. घाबरायचं कारण नाही. ११.१ हा नाममात्र आकडा आहे, प्रति सेल ३.७ व्होल्ट धरून काढलेला. पूर्ण चार्ज झालेला लिपो सेल ४.२ व्होल्टवर असतो आणि ईएससीला जोडला जातो तो तसाच. म्हणजे ‘११.१ कमाल’ लिहिलेल्या या ईएससीवर प्रत्यक्षात १२.६ व्होल्ट येणं कंपनीनं धरलेलंच आहे. याच ईएससीला ९ सेलपर्यंतचा निकेल-मेटल हायड्राइड पॅकही चालतो, आणि चार्जरवरून नुकत्याच उतरवलेल्या ९ सेलच्या पॅकचं व्होल्टेजही १२.६ च्या थोडं वरच भरतं.

कॅसल क्रिएशन्स या ईएससी बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीची पद्धत उलटी आहे. त्यांचा साइडवाइंडर ४ हा ३एसचा ईएससी ‘१२.६ व्होल्ट’ म्हणून विकला जातो, तर ६एसच्या मांबा मॉन्स्टर एक्सवर ‘२५.२ व्होल्ट’ असतं. हे पूर्ण चार्जचे आकडे. ट्रॅक्ससचा ११.१ आणि कॅसलचा १२.६ शेजारी ठेवून ‘कॅसलचा दीड व्होल्टनं दणकट’ असा अर्थ काढणाऱ्यांची संख्या कमी नाही. दोन्हींचा अर्थ एकच, तीन सेल. आमच्या मते कॅसलची रीत प्रामाणिक आहे, कारण ईएससी जळतो तो पूर्ण चार्जच्या व्होल्टेजवर, नाममात्र व्होल्टेजवर नाही. ट्रॅक्ससनं निदान कंसात तरी १२.६ छापायला हवं होतं.

मोटरची छत कुठे आहे

ईएससी सेल मोजतो, मोटर फेरे मोजते. व्हेलिनिऑन ३५०० चं केव्ही रेटिंग ३५००, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे. कंपनीनं या मोटरची कमाल मर्यादा ५०,००० फेरे दिली आहे. आता सरळ गुणाकार करायचा, पण नेहमी पूर्ण चार्जच्या व्होल्टेजनं:

२एस: ८.४ × ३५०० = २९,४००
३एस: १२.६ × ३५०० = ४४,१००
४एस: १६.८ × ३५०० = ५८,८००

५०,००० ला ३५०० नं भागलं की १४.२९ व्होल्ट येतात. ही मोटरची खरी छत. ३एस पॅक तिच्या १.७ व्होल्ट खाली राहतो, म्हणजे साधारण १२ टक्के मोकळीक. ४एस पॅक या छतीखाली येतो तेव्हा प्रति सेल ३.५७ व्होल्ट उरलेले असतात. थोडक्यात, ४एस पॅक या मोटरला मानवतो तो जवळजवळ संपल्यावरच.

फेरे वाढले की रोटरवरचा, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावरचा, ताण त्याच प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४४,१०० वरून ५८,८०० म्हणजे फेरे एक-तृतीयांशानं वाढले, पण चुंबकांना बाहेर फेकणारं बल पावणेदोन पटींहून जास्त झालं. रोटरवरची चुंबकं दांड्याला चिकटवलेली असतात आणि वरून पट्ट्यानं बांधलेली. चिकटपणा सुटला की चुंबक जेमतेम केसभर बाहेर सरकतं, पण रोटर आणि स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) यांच्यातली फटही तेवढीच असते. मग घासल्याचा कर्कश आवाज, पाठोपाठ मोटर जाम, आणि जाम मोटरमध्ये करंट ढकलणारा ईएससी. एका फटक्यात दोन्ही वस्तू जातात. बेअरिंगचं मरण त्या मानानं सावकाश येतं: आधी शीळ, मग दांड्याला खुळखुळ, मग पिनियन आणि त्यात अडकणारं मोठं दातेरी चाक, म्हणजे स्पर, यांच्या दातांची जुळणी बिघडते.

तुलनेसाठी एक गंमत बघा. ट्रॅक्ससच्याच मॅक्समध्ये ४एसवर २४०० केव्ही, पहिल्या एक्स-मॅक्समध्ये ६एसवर १६०० केव्ही, आठ सेलच्या एक्स-मॅक्समध्ये १२०० केव्ही. आर्मा या दुसऱ्या कंपनीच्या ३एस बीएलएक्स ग्रॅनाइटमध्ये ३२०० केव्ही. चारही ठिकाणी पूर्ण चार्जचा गुणाकार करा, उत्तर एकच येतं: ४०,३२०. सेल दुप्पट झाले की केव्ही निम्मं. ट्रकांसाठी बनवणाऱ्यांना साधारण कुठला पट्टा सोयीचा वाटतो, हे यावरून कळतं. व्हेलिनिऑन ३५०० त्यांच्यापेक्षा तशीही वरच्या पट्टीत गाते. तिला आणखी चढवायला फारशी जागा नाही.

‘एवढे फेरे प्रत्यक्षात कधी लागतात?’ असं विचारणारे असतात. प्रश्न रास्त आहे. सपाट जमिनीवर भार असतो, पॅकचं व्होल्टेज खाली बसतं, मोटर ४४,१०० ला पोहोचत नाही. पण ट्रक उडी मारून हवेत असताना ट्रिगर दाबलेलाच राहिला, की चाकं मोकळी आणि भार जवळजवळ शून्य. पिनियनचा स्क्रू ढिला होऊन पिनियन दांड्यावर फिरायला लागलं तरी तेच. टेबलावर ट्रक उलटा धरून ‘बघू कसा आवाज येतो’ म्हणून पूर्ण ट्रिगर दाबणं हा तिसरा प्रकार, आणि सगळ्यात निरर्थक. त्या वेळी टायरही फुगून थाळीसारखे होतात आणि रिमपासून उखडतात. मोटरची मर्यादा बघायची ती या क्षणांसाठी.

४एसचे तीन बचाव

पहिला बचाव: पिनियन लहान करतो. पिनियन लहान केल्यानं मोटरवरचा भार कमी होतो, करंट कमी होतो, तापमान उतरतं. हे सगळं खरं. पण भार नसतानाचे फेरे केव्ही आणि व्होल्टेज ठरवतात, पिनियन नाही. १३ दात लावा की ९, हवेत मोटर ५८,८०० कडेच धावणार. उलट लहान पिनियननं ती तिथे लवकर पोहोचते.

दुसरा बचाव: रिमोटवरून थ्रॉटल ७५ टक्क्यांवर बांधतो. यानं मोटरला मिळणारं सरासरी व्होल्टेज खाली येतं हे खरं, पण ईएससीच्या तोंडाशी पूर्ण १६.८ व्होल्टच उभे असतात. त्याचे मॉस्फेट (करंट उघड-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि कपॅसिटर रिमोटची सेटिंग वाचत नाहीत. ३एसपुरत्या ईएससीत १६ व्होल्ट रेटिंगचा कपॅसिटर असेल, तर पूर्ण ४एस पॅक जोडल्या क्षणीच तो ओलांडला गेला, ट्रिगरला हात लावायच्या आधी.

तिसरा बचाव जरा शहाणा आहे: जास्त व्होल्टेजवर करंट कमी लागतो, म्हणून ४एस थंड चालतं. हजार वॉट काढायला ७.४ व्होल्टवर साधारण १३५ अँपिअर लागतात, ११.१ वर ९० आणि १४.८ वर ६८. गणित बिनचूक आहे. फक्त ते लागू होतं केव्ही त्याच प्रमाणात खाली आणल्यावर. ३५०० केव्ही तशीच ठेवून सेल वाढवले, तर मोटर तेवढ्याच हजार वॉटवर थांबत नाही, जास्त मागते. ४एस हवंच असेल तर २४०० केव्हीच्या आसपासची मोटर आणि चार सेल पेलणारा ईएससी, दोन्ही बदला. एक बदलून दुसरं ठेवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

उच्च व्होल्टेजच्या लिपोबद्दलही विचारलं जातं, ज्यांचे सेल ४.३५ पर्यंत चार्ज होतात. तीन सेलचे १३.०५ व्होल्ट, फेरे ४५,६७५. मोटर यात बसते. पण ईएससी साध्या लिपोसाठी मोजलेला आहे आणि वरच्या अर्ध्या व्होल्टमधून मिळणारा जोर पहिल्या मिनिटातच संपतो. असा पॅक हाताशी असेल तर चार्जर साध्या लिपो मोडवर ठेवून ४.२० ला थांबवा. पॅकचं आयुष्यही वाढतं.

ईएससीची बाजू: वरून येणारे झटके

पॅकचं व्होल्टेज मल्टिमीटरवर स्थिर दिसतं. ईएससीच्या आत ते तसं नसतं. मॉस्फेट सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद होतात. बॅटरीच्या वायरीतला करंट प्रत्येक वेळी अचानक तुटतो आणि वायर जितकी लांब तितका झटका उंच. हे झटके गिळायचं काम इनपुट कपॅसिटरचं. म्हणून बॅटरीच्या वायरी लांबवू नयेत. पॅक दुसरीकडे बसवायची हौस असेल तर मोटरकडच्या तीन वायरी लांबवा, त्यांचा इतका त्रास होत नाही. बॅटरीकडची बाजू वाढवावीच लागली, तर ईएससीच्या अगदी जवळ कमी अंतर्गत रोधाचे (ईएसआर) एक-दोन जादा कपॅसिटर जोडा, ३५ व्होल्ट रेटिंगचे, ध्रुव नीट बघून.

ब्रेकचाही यात हात असतो. ब्रशलेस मोटर ब्रेक मारताना जनरेटर होते आणि करंट पॅककडे परत येतो. पॅक काठोकाठ भरलेला, कनेक्टर काळवंडलेला, आणि भरधाव ट्रकला करकचून ब्रेक: ईएससीवर सगळ्यात जास्त व्होल्टेज येतं ते तेव्हा. पॅक ताजा असताना पहिलं मिनिटभर ब्रेक जरा हलक्या हातानं मारले तर काही बिघडत नाही.

आता या ईएससीचा खरा दोष. त्याला उलट्या ध्रुवापासून संरक्षण नाही. ट्रॅक्ससचा स्वतःचा कनेक्टर उलटा बसत नाही, त्यामुळे कंपनीच्या पॅकवर प्रश्न येत नाही. पण आपल्याकडे बहुतेक जण दुसऱ्या कंपनीचा पॅक घेऊन कनेक्टर सोल्डर करतात. तिथे लाल-काळी अदलाबदल झाली तर ईएससी त्याच क्षणी गेला. सोल्डर केल्यावर मल्टिमीटरचा लाल प्रोब कनेक्टरच्या धन बाजूला लावून आकडा उणे चिन्हाशिवाय येतोय का, एवढं बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सोल्डर करताना पॅकच्या दोन्ही वायरी एकदम सोलू नका. एक पूर्ण करून श्रिंक ट्यूब चढवा, मगच दुसरी.

खालची मर्यादा, जी जास्त पॅक मारते

वरच्या मर्यादेची चर्चा फार होते, पण पॅक मरतात ते खालून. व्हीएक्सएल-३एसमध्ये लो-व्होल्टेज डिटेक्शन आहे आणि ते दोन टप्प्यांत काम करतं: आधी थ्रॉटल निम्म्यावर येतो, तरीही चालवत राहिलात तर मोटर पूर्ण बंद. ईएससी चालू केल्यावर एलईडी हिरवा असेल तर हे संरक्षण चालू आहे. लाल असेल तर बंद आहे, आणि तो निकेल पॅकसाठीचा मोड आहे. लाल दिवा आणि लिपो पॅक एकत्र आले की पॅकचं आयुष्य संपलंच म्हणा. ईझेड-सेट बटण साधारण दहा सेकंद दाबून धरलं की मोड बदलतो, मोटर सूर काढते आणि दिव्याचा रंग पालटतो. गंमत अशी, की थ्रॉटलचं कॅलिब्रेशन, ट्रेनिंग मोड, स्पोर्ट मोड सगळं याच एका बटणावर आहे. मुलाला ट्रेनिंग मोड लावून देताना बोट जास्त वेळ राहिलं तर संरक्षण नकळत बंद होतं. म्हणून प्रत्येक वेळी पॅक जोडल्यावर आधी दिवा बघायचा. स्वतंत्र बटण दिलं असतं तर बरं झालं असतं.

संरक्षण चालू असलं तरी ते एकूण व्होल्टेज बघतं, सेल-सेल नाही. समजा तीन सेल ३.६, ३.६ आणि ३.० वर आहेत. बेरीज १०.२, सरासरी ३.४, ईएससी खूश. तिसरा सेल मात्र मरणाच्या दारात. यावर उपाय स्वस्त आहे: बॅलन्स प्लगला, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो त्या छोट्या प्लगला, लावायचा छोटा बझर. ३एस पॅकच्या बॅलन्स प्लगला चार तारा असतात, बझरच्या काळ्या खुणेकडे काळी तार. मर्यादा प्रति सेल ३.५ वर ठेवा. ट्रिगर दाबताना क्षणभर वाजून थांबला तर दुर्लक्ष करा, ट्रक उभा असतानाही वाजत राहिला तर थांबा.

अनेकांची तक्रार असते की पॅक अर्धा भरलेला असतानाच कटऑफ येतो. दोष ईएससीचा नसतो, पॅकचा असतो. चांगल्या ५००० एमएएच पॅकचा अंतर्गत रोध प्रति सेल तीनेक मिलीओहम, थकलेल्याचा दहा. ८० अँपिअर ओढले तर चांगल्या पॅकमध्ये ०.७ व्होल्ट पडतात, थकलेल्यात २.४. निम्मा भरलेला थकलेला पॅक उभ्यानं ११.४ दाखवतो आणि ट्रिगर दाबला की ९.० वर येतो, म्हणजे प्रति सेल ३.०. ईएससी थांबणारच. चार्जरवर अंतर्गत रोध मोजायची सोय असेल तर नवा पॅक आल्या दिवशीच आकडे पॅकवर मार्करनं लिहून ठेवा, पुढे तुलना करता येते. वेष्टनावरच्या ‘सी’ आकड्यावर (पॅक किती करंट देऊ शकतो ते सांगणाऱ्या) मात्र फार भरवसा ठेवू नका. ५००० एमएएच २५सी म्हणजे कागदावर १२५ अँपिअर, खऱ्या वापरात त्याच्या निम्मं धरून चाललेलं बरं.

संपत आलेला पॅक तसाच जोडण्याची सवयही वाईट. सेल स्वतः मोजणाऱ्या कुठल्याही ईएससीला ८.४ व्होल्टवर उतरलेला ३एस पॅक हा पूर्ण भरलेल्या २एससारखा दिसू शकतो, आणि मग कटऑफ प्रति सेल दोन व्होल्टच्या आसपास जाऊन बसतो. ईएससीत सेलची संख्या हातानं ठरवता येत असेल तर ती ठरवूनच टाकावी.

गिअर आणि उष्णता

स्लॅश फोर बाय फोरमध्ये कारखान्यातून १३ दातांचं पिनियन आणि ५४ दातांचा स्पर येतो. डिफरन्शियलचं (चाकांकडे ताकद वाटणाऱ्या गिअरचं) २.८५ गुणोत्तर धरून एकूण गुणोत्तर साधारण ११.८. टायरचा व्यास १०९ मिलिमीटर धरला तर पूर्ण चार्जच्या २एसवर कागदी वेग ताशी ५१ किलोमीटर, ३एसवर ७७. प्रत्यक्षात हवेचा रोध आणि पॅकचं बसणं धरून कमीच मिळतो, तरी फरक लक्षात येतो: गिअर न बदलता वेग दीडपट. म्हणून ३एस लावताना पिनियन वाढवायचं कारणच नाही. गवतात, वाळूत, खडीवर चालवणार असाल तर उलट एक-दोन दात कमी करा. मोठं पिनियन गुळगुळीत डांबरावर, थोड्या वेळासाठी, आणि मध्येमध्ये थांबून तापमान बघत.

तापमानाचा आकडा ट्रॅक्ससनं स्पष्ट दिला आहे: मोटर २०० फॅरनहाइट, म्हणजे ९३ सेल्सिअसच्या वर गेली तर गिअर जड आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरच्या डब्यावर जवळून धरायचा, चमकदार भागावर नाही, कारण चमकदार धातूवर तो कमी दाखवतो. काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर मोजलं तर आकडा विश्वासाचा येतो. पाच मिनिटं चालवा, मोजा, परत पाच मिनिटं. ६०-७० वर स्थिरावलं तर उत्तम. थांबल्यावरही दोन-तीन मिनिटं आकडा चढतो, कारण आतली उष्णता सावकाश बाहेर येते. ८५ वर थांबलेली मोटर थोड्या वेळात ९० च्या पार दिसू शकते.

ईएससीचं उष्णता-संरक्षण मोटरला वाचवत नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. तो स्वतःचं तापमान मोजतो. मोटरमध्ये सेन्सर नाही, तिच्यापर्यंत त्याची नजरच पोहोचत नाही. मोटर भाजत असताना ईएससी कोमट असू शकतो.

आता मोकळीक किती उरते ते बघा. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी हवा १५ अंशांवर असते, ९३ पर्यंत ७८ अंशांची जागा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत तीच जागा ४८ वर येते. तोच पॅक, तेच पिनियन, तीच मोटर. विदर्भात उन्हाळ्यात ३एसवर चालवायचं तर दोन दात कमी, सकाळी सातच्या आत, आणि दोन पॅकच्या मध्ये मोटर हात लावता येईल इतकी गार होऊ द्यायची. ट्रक उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पॅकसकट ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

जास्त तापलेल्या मोटरची खूण चमत्कारिक असते. ती बंद पडत नाही. साधी निओडिमियम चुंबकं ८० अंशांनंतर ताकद गमवायला लागतात, वरच्या दर्जाची १२० ते १५० पर्यंत टिकतात. ताकद कमी झालेल्या रोटरचं केव्ही वाढतं. म्हणजे भार नसताना मोटर आधीपेक्षा जोरात फिरते, पण ओढ कमी, करंट जास्त आणि पुन्हा लवकर तापते. ‘मोटर मोकळी झाली, वेग वाढला’ म्हणून खूश होणाऱ्याची मोटर खरं तर चालली आहे, आणि वाढलेल्या केव्हीनं ती ५०,००० च्या छतीच्याही जवळ सरकली आहे.

पावसाबद्दल दोन वाक्यं. ईएससी जलरोधक आहे, मोटर पाणी सोसते, पण बेअरिंग सोसत नाहीत. चिखलातून आणल्यावर मोटर वाळवून बेअरिंगला हलक्या तेलाचा एक थेंब द्या आणि बॅलन्स प्लग कोरडा करूनच पॅक चार्जरला लावा.

घ्यावी का, आणि जुनी घेताना काय बघावं

३एसवर राहणार असाल तर ही जोडी आजही चांगली आहे. सेन्सर नसल्यामुळे अगदी सावकाश चालवताना अडखळते, पॅक उतरला की जास्तच. खडकांवरून रांगत जायचं असेल तर ही तुमची मोटर नव्हे. दांडा ३.१७ मिलिमीटरचा आहे, तेव्हा ५ मिलिमीटर भोकाची पिनियन उचलून आणू नका. पुढेमागे ४एसवर जायचं मनात असेल तर आधी या जोडीत पैसे घालू नका. थेट मोठी मोटर आणि कॅसलच्या मांबा एक्ससारखा सहा सेल पेलणारा ईएससी घ्या, आणि आज तीनच सेल लावा.

जुना ट्रक घेताना नावावर जाऊ नका. त्याच स्लॅशची ब्रशची एक्सएल-५ आवृत्ती आहे, बीएल-२एस नावाची ब्रशलेस आवृत्तीही आहे, आणि दोन्हींची मर्यादा दोन सेल. कनेक्टर तिन्हींचा सारखाच, त्यामुळे ३एस पॅक तिथेही आरामात बसतो आणि मग धूर निघतो. ईएससीवरचं नाव स्वतः वाचा. मोटरच्या तीन वायरी सोडून दांडा हातानं फिरवा: चुंबकाचे समान टप्पे जाणवले पाहिजेत, घासल्याचा आवाज नको. पिनियन धरून दांडा वर-खाली हलवा, खुळखुळ असेल तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. बुलेट कनेक्टरवर निळसर डाग किंवा विरघळलेलं सोल्डर दिसलं, तर आधीच्या मालकानं जड पिनियन किंवा नको तेवढे सेल लावले होते असं धरा. मग २एसवर पाच मिनिटं चालवून मोटर आणि ईएससी दोन्हींचं तापमान घ्या. २एसवरच मोटर ७० च्या पुढे गेली आणि गिअर कारखान्याचा असेल, तर तिच्यावर ३एस लावायच्या फंदात पडू नका आणि ट्रक नुसत्या सांगाड्याच्या भावात मागा.